ऑस्टकँपांचा घरजावई

"वंशवृक्षात जावई नकोत," मिस्टर ऑस्टकँप म्हणाले. "ते येतात आणि फ्रिज उघडतात."

हे ते स्वतःच्या जावयासमोर म्हणत होते. गॅरी त्यांचा कोट धरून उभा होता. तो बायकोसह त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहायचा आणि त्यांना गाडीने आमच्या लायब्ररीत आणायचा.

मी तेव्हा कॅनडातल्या ग्वेल्फला, लायब्ररीच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागात होतो. जुलैत ऑस्टकँपांचं फॅमिली रियुनियन होतं. त्यासाठी त्यांना आडनावाचं जर्मनीतलं मूळ हवं होतं. तिथून कॅनडात आलेला पहिला पुरुष हाइनरिक. त्याचे वाडवडील शोधायचे होते.

गावच्या चर्चच्या नोंदवह्यांची मायक्रोफिल्म मागवली. मशीनला हँडल असतं, ते फिरवत एकेक पान वाचायचं. हाइनरिकच्या पाच मुलांचे बाप्तिस्मे सापडले. त्याचा स्वतःचा नाही. लग्नांची यादी नवऱ्याच्या आडनावाने लावलेली होती. त्यातही तो नव्हता. तीन आठवडे गेले.

"श्रीधर," माझी बॉस लिंडा म्हणाली, "हा माणूस जन्मला तरी होता का?"

त्याच वर्षी माझी पत्नी गेली होती. तिची फाइल घरी टेबलावर असायची. शाळेच्या दाखल्यावर कुसुम पेंडसे, पासपोर्टवर सुनंदा गोरे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव मीच लिहिलं होतं. ती म्हणायची, "मला शोधायचं तर माझ्या माहेरी विचार. तुझ्याकडे तुझंच नाव सापडेल."

एका सकाळी मशीनपाशी बसताना हे आठवलं. नाव बदललेला माणूस हाइनरिकच असला तर?

मग त्याच्या बायकोचा बाप्तिस्मा शोधला. वीस मिनिटांत सापडला. अ‍ॅना ऑस्टकँप. पुढे तिचं लग्न, हाइनरिक फोग्ट नावाच्या माणसाशी. त्या भागात आडनाव शेताचं असायचं. जो शेत सांभाळायला येई, तो शेताचं नाव लावी. अ‍ॅनाला भाऊ नव्हता. हाइनरिक सासऱ्याकडे राहायला आला आणि ऑस्टकँप झाला.

"आमच्या भाषेत याला घरजावई म्हणतात," मी मिस्टर ऑस्टकँपना सांगितलं.

"काय म्हणतात?" गॅरीने विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

"फिल्म चुकीच्या गावाची असेल," सासरे म्हणाले.

"गाव तेच आहे. पाचही मुलं तिथलीच."

"मग हाइनरिकला वगळा."

"जावई नकोत म्हणालात, तर तो जाईलच," लिंडा मागून म्हणाली. "पण पहिल्या पुरुषाच्या जागी काय लिहायचं? शेत?"

मिस्टर ऑस्टकँप खुर्चीतून उठले.

"डॅड, कोट देऊ?" गॅरीने हळूच विचारलं.

जाताना त्याने माझ्याकडून तो शब्द चिठ्ठीवर लिहून घेतला.

जुलैनंतर एक फोटो आला. वंशवृक्षात अकरा जावई होते, सगळे सारख्याच अक्षरांत. शेजारी गॅरी, आणि त्याच्या टी-शर्टवर माझ्या हस्ताक्षरात 'घरजावई'. मिस्टर ऑस्टकँप हसत नव्हते, पण फोटोत उभे होते.

तेव्हापासून एखाद्याचा बाप सापडेना, की मी आधी त्याच्या बायकोच्या माहेरी चौकशी करतो.