टीव्हीने गिळलेली ओळ

इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर अर्ज भरून देणाऱ्या त्या गृहस्थांचे नाव मी विचारले नाही. मॉनिटर जळाल्यापासून त्यांनी घरचा जुना, खोक्यासारखा टीव्ही संगणकाला जोडला होता. त्याच्या फिकट अक्षरांनी त्यांचे डोळे लाल झाले होते.

वडिलांच्या जमिनीच्या वारसनोंदीसाठी मी भावाबरोबर गेले होते. प्रतिज्ञापत्र पाहून त्यांनी वारसांची नावे भरली. पडद्यावर आई आणि दोघे भाऊ एवढेच दिसले.

“बरोबर हाय, पाठवा,” भाऊ म्हणाला.

त्यांनी डोळे चोळले. “थांबा दादा. ह्यो टीव्ही खालची ओळ गिळतो.” त्यांनी यादी वर सरकवली. चौथे नाव माझे होते.

“ती हक्क सोडणारच हाय,” भाऊ म्हणाला.

“ते ताईंनी सांगावं. ताई, नाव ठिवायचं का?”

पन्नाशी उलटली, तरी घरात मला हे कोणी विचारले नव्हते.

“ठेवा,” मी पुटपुटले.

“जरा मोठ्यानं. मला आलं ऐकू, दादांना आलं नसंल.”

मी भावाकडे वळले आणि पुन्हा म्हटले.