धाकटीचं जहाज

माझ्यासारख्यानं कुणाबद्दल लिहायला बसावं हा आगाऊपणाच, माफ करा. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला; साधा निबंध लिहितानाही अजून हात अडखळतो. पण असे एखादे काका तुम्हीही पाहिले असतील.

"काय रे, धाकटीचं जहाज लागलं का?"

अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये, दर शनिवारी मी दाराशी ड्यूटीवर असायचो. काका आयटीतून रिटायर झालेले. आत येताना हेच विचारायचे आणि थेट एका तैलचित्रासमोरच्या बाकावर जाऊन बसायचे.

चित्रात जॉर्ज राजांच्या काळातला एक इंग्रज व्यापारी, त्याची बायको आणि चार मुली. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, की थोरल्या तिघींच्या नावांची त्याची तीन जहाजं होती. चौथी आईच्या मांडीवर. तिच्या नावाचं काहीच नाही.

"शेठाणीबाई चिडल्या असतील बघ."

"काका, धाकटी तेव्हा तान्ही होती."

"मग मोठी झाल्यावर? चेक केलंस?"

एकदा मी चाचरत म्हटलं, की या जहाजांतून यायची ती साखर गुलामांनी पिकवलेली.

"शेठ भला माणूस होता असं मी म्हटलंय का? बाप कसा होता, तेवढंच विचारतोय."

का विचारतात, ते एका दुपारी आपणहून बोलले. कराडला त्यांच्या वडिलांचा ट्रक होता. मागच्या फळीवर तिन्ही थोरल्या भावंडांची नावं रंगवलेली. काका चौथे. "पुढच्या रंगाला तुझं घालू, म्हणायचे. त्याआधी ट्रकच विकला, यार!" ते हसले म्हणून मीही हसलो. पण तेव्हापासून मीही शोधायला लागलो.

मागच्या हिवाळ्यात काका मुलीकडे टेक्सासला राहायला गेले. शनिवारी तो बाक रिकामाच असायचा.

मग क्लासच्या ट्रिपमध्ये, समुद्रकाठच्या एका म्युझियमात, चिनी मातीचं मोठं वाडगं दिसलं. आत तळाशी जहाज रंगवलेलं, त्याखाली धाकटीचं नाव. पाटीवर मालक म्हणून तोच व्यापारी. आणि पुढे: माणसं वाचली, पण जहाज दुसऱ्याच सफरीत बुडालं.

हे शेवटचं सांगावं की नको? काकांना फोन लावला, तो त्यांच्या मुलीनं उचलला. "स्पीकरवर टाकलंय, बाबा ऐकतायत. बोल."

"काका, धाकटीचं जहाज होतं."

आणि न थांबता मी उरलेलंही सांगून टाकलं.

"बुडेना का," काका म्हणाले. "नाव रंगवलं होतं ना?"