केतकीचा अर्ज, थ्रू प्रॉपर चॅनल

अर्ज कसा लिहावा, हे आमच्या घरात फक्त मला कळतं. केंद्र सरकारच्या नोकरीत साताऱ्याहून निघून चंडीगडपर्यंत पोचलो, तो निव्वळ मसुद्यांच्या जोरावर. (बायको म्हणते, बदल्यांच्या जोरावर. तिचं सोडा.)

आमची केतकी मोहालीत एका खासगी लॅबमध्ये कामाला. दूध तपास, तेल तपास, असलं काहीबाही. पण जीव सगळा संशोधनात! तिथल्याच नॉलेज सिटीतल्या, म्हणजे संशोधन संस्थांच्या वसाहतीतल्या, एका संस्थेत रिसर्च असिस्टंटची जागा निघाली, तेव्हापासून पोरीचं जेवणातसुद्धा लक्ष लागेना. आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशीच नेमकी मैत्रिणीच्या लग्नाला लुधियानाला! तिथून फोन, इकडेच वाढलेली म्हणून नेहमीसारखा हिंदीत.

"बाबा, लॅपटॉप पे लेटर रेडी है. बस अटॅच करके भेज दो. पक्का?"

"पक्का!"

"और कुछ चेंज मत करना, प्लीज!"

"अगं, मी कशाला बदलू?"

पत्र उघडलं आणि कपाळावर हात मारला. जेमतेम अर्धं पान! मी काय काम केलंय, तुमच्या प्रकल्पात ते कुठे उपयोगी पडेल, भेटायला कधी येऊ. संपलं! ना संदर्भ, ना 'सविनय सादर'. असला अर्ज आमच्या ऑफिसात आला असता तर शिपायानंच दारातून परत पाठवला असता.

"अहो, हात लावू नका म्हणालीये ना ती?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

"हात कुठं लावतोय? नुसता नीट करतोय!"

केला नीट. अस्सल सरकारी इंग्रजीत, परिच्छेदांना क्रमांक घालून, चांगली अडीच पानं. 'अर्जदार सुस्वभावी व आज्ञाधारक असून तिच्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही.' (हे लिहिताना मला अगदी भरून आलं.)

आणि मग मुख्य चूक दिसली. सरकारी माणसाला दुसरीकडे अर्ज करायचा तर तो आपल्या साहेबामार्फतच जावा लागतो. थ्रू प्रॉपर चॅनल! परस्पर पाठवलात तर गेलात कामातून. पोरीला एवढंही ठाऊक नाही! तिचं नशीब म्हणून बाप घरात होता. मी अर्ज संस्थेला धाडला आणि एक प्रत तिच्या लॅबच्या मालकीणबाईंना, ग्रेवाल मॅडमना, 'ना हरकत मिळावी' अशी नम्र विनंती करून.

सकाळी पुन्हा फोन.

"बाबा! ग्रेवाल मॅडम पूछ रही हैं, मैं जॉब कब छोड़ रही हूँ!"

"मग? दिली का ना हरकत?"

"प्रायव्हेट में कोई बॉस को बताके अप्लाय करता है? ये भी जाएगी, वो भी नहीं मिलेगी!" आणि पोरगी रडायलाच लागली.

बायकोनं माझ्यापुढचा चहा उचलून आत नेला. (ती बोलते तेव्हा बरं असतं.)

केतकी घरी आली ती माझ्याकडे न बघता लॅपटॉप घेऊन बसली. मुदत टळली होती, तरी आपलं ते अर्धं पान तिनं संस्थेला पाठवलं आणि वर एक ओळ जोडली : 'आधीचा अर्ज माझ्या वडिलांनी लिहिला होता, हा माझा आहे.'

"त्याला जावक क्रमांक तरी घाल," मी मागून सुचवलं. बायकोनं मला दंडाला धरून बाल्कनीत नेलं.

मुलाखतीला बोलावणं आलं! प्रोफेसरांनी म्हणे तिच्या अर्ध्या पानावरच सगळे प्रश्न विचारले. माझी अडीच पानं मात्र त्यांच्या अख्ख्या डिपार्टमेंटनं वाचली होती, चहाच्या वेळी, मोठ्यानं. आणि ग्रेवाल मॅडम? त्यांनी मलाच फोन केला. "भाईसाब, बेटी को खुशी से भेजूँगी. पर आपकी चिट्ठी मैं संभाल के रखूँगी जी. ऐसी शराफत अब कहाँ!"

"बघ!" मी बायकोला म्हणालो.

जागा मिळाली. पोरीनं मला मिठी मारली, सगळं माफ केलं, आणि नेमणुकीचं पत्र वाचायला माझ्या हातात दिलं. खाली लिहिलं होतं, 'स्वीकृतीपत्र उमेदवाराने स्वतः लिहून पाठवावे.' त्यातल्या 'स्वतः' शब्दाखाली दोन ठळक रेघा होत्या. अख्ख्या नोकरीत माझ्या मसुद्याची इतकी गंभीर दखल कुठल्याच कार्यालयानं घेतली नव्हती!