सगळं बेस हाय

माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे तळपाय पाहणारी बाई अख्ख्या सौसर-पांढुर्णा भागात एकच झाली, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला मोठी नणंद म्हणून आली. ताई नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात प्राध्यापक होत्या. लग्न केलं नव्हतं, खोली करून एकट्या राहायच्या. माझ्या लग्नात मी पाया पडायला वाकले, तर त्याच माझ्यासोबत खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "टाचेला भेग आहे गं, तेल लावत जा." आशीर्वाद द्यायचा राहूनच गेला. एकदा पांढुर्ण्याहून आमच्याकडे सौसरला येताना त्यांनी सुटलेली बस थांबवली, कारण स्टँडवरच्या एका म्हातारीच्या अंगठ्याला मळकी चिंधी बांधलेली दिसली. ती जखम धुऊन होईस्तोवर बस गेली. बॅग सौसरला त्याच दिवशी पोचली, ताई दुसऱ्या दिवशी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ताईंनी संशोधन काढलं होतं, मधुमेह झालेल्या बायांचं मन उदास होतं का, यावर. "साखर लघवीत दिसते. दुःख कशात बघायचं, सांग?" असं मला पोळ्या लाटताना विचारायच्या. मी काय सांगणार, कपाळ! सुट्ट्या लागल्या की मुक्काम आमच्याकडे, आणि रोज रामाकोना, मोहगाव नाहीतर बोरगाव असं एखादं खेडं. पिशवीत स्पिरिटचा दिवा, निळ्या औषधाची बाटली, फॉर्मचा गठ्ठा आणि माझ्या नवऱ्याच्या मोज्यांत गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या. माझ्या लोणच्याच्या दोन बरण्या नमुन्यांसाठी गेल्या त्या गेल्याच. परत दिल्या असत्या तरी मी घेतल्या नसत्या म्हणा.

निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर वाढती साखर. हे बायांना भारी आवडायचं. पण मग फॉर्म निघायचा. झोप लागते का? उगीच रडू येतं का? जीव नकोसा होतो का? बाजूला सासू, दारात दीर. उत्तर ठरलेलं, "सगळं बेस हाय बाई." आणि लगेच चहा. आमच्याकडे पाहुण्याचा मान चहातल्या साखरेवर ठरतो. नको म्हटलं की बाई रुसते, रुसली की बोलत नाही. म्हणून ताई दिवसाला आठ-आठ कप पाक प्यायच्या आणि घरी येऊन फॉर्म पसरायच्या. "इतक्या सुखी बाया जगात कुठे नसतील! माझे गाइड म्हणतात, या सुट्टीत खरी उत्तरं मिळाली नाहीत तर विषय सोडून द्या." हसत सांगितलं, पण ताट तसंच राहिलं. मला आतून लाज वाटली. पहिला फॉर्म त्यांनी माझाच भरला होता, आणि मीही सगळं बेसच सांगितलं होतं.

त्या सुट्टीत एकदा मी त्यांच्यासोबत रामाकोन्याला गेले. कौसल्याबाईच्या ओसरीवर बाया जमल्या होत्या. हिच्या पायाची जखम ताईंनी महिनाभर रोज धुतली होती. जयभीम झाले, पण नव्या बाया नमुना द्यायला लाजत होत्या. "बरं, आधी माझी बघा. निळीच राहते," म्हणत ताई न्हाणीकडे गेल्या. आल्या, थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली. हिरवी झाली. पिवळी झाली. मग विटेसारखी लाल.

ताईंनी दुसरी नळी घेतली. तीही लाल.

कौसल्याबाईनं त्यांच्या पिशवीतला फॉर्म काढून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण प्रश्न तोंडपाठ होते. "आता तुमी सांगा बाई. झोप लागते का तुमाले?"

"सगळं बरं आहे," ताई म्हणाल्या.

"आमी बी तुमाले असंच सांगून राहिलो ना वो!"

ताई हसायला गेल्या आणि डोळे भरून आले. "नाही लागत झोप. पहाटे तीनला जाग येते. खोलीत बोलायला कोणी नसतं."

"मले बी नाही लागत," कौसल्याबाई म्हणाली. मग तिची सासू म्हणाली, "अन् मले कोणी पुसलंच नाही आजलोक." मग एकेक करत सगळ्या बोलल्या. ताई ऐकत बसल्या, लिहीत मी गेले. निघताना चहा आला. बिनसाखरेचा. रामाकोन्यात पाहुणीला फिका चहा मी पहिल्यांदाच पाहिला, आणि इतक्या मानाचा चहा ताईंना आधी कधी मिळाला नसेल.

संध्याकाळी घरी आल्यावर मी म्हटलं, "ताई, माझा फॉर्म काढा. खोटा आहे तो. आई गेल्यापासून दिवे लागले की माझा जीव रमत नाही घरात." ताईंनी फॉर्म काढलाच नाही. तेलाची वाटी घेतली आणि माझ्या टाचा चोळत बसल्या. मोठ्या नणंदेनं पायाला हात लावायचा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाय मी ओढून घेतला नाही.

ते संशोधन पुरं झालं. आता कॉलेजच्या कुठल्यातरी कपाटात धूळ खात असेल. ताई थकल्या, फिका चहा पितात आणि तोंड वाकडं करतात. आल्या की मी चपला काढून उभी राहते. आधी पाय बघतात, मग म्हणतात, "आता खरं सांग."

"सगळं बेस हाय, ताई." हल्ली बहुतेक वेळा ते खरंच असतं. नसतं तेव्हा त्या काही न विचारता तेलाची वाटी मागतात.