खळ्यावरच्या चपला

१२ नोव्हेंबर. नागली कापून झाली, आज खळं सारवायला घेतलं. शेणाचा हात मधल्या मेढीच्या खुंटापर्यंत आला आणि फोन वाजला. बंगल्याचा मॅनेजर होता.

"बाई, सर गेले. काल संध्याकाळी. उद्या दहाला बागेत शोकसभा ठेवलीय, कारंज्याच्या पाटीपाशी. तुम्ही त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनी, दोन शब्द बोला."

येते म्हटलं आणि उरलेलं खळं सारवून घेतलं. कालवलेलं शेण कुणासाठी थांबत नाही.

बागेचे सर चपला काढत नसत. टायरच्या तळव्यांच्या त्या चपला शाळेत, बागेत, कुणाच्या ओसरीवरही त्यांच्या पायांतच. देवळात पुजाऱ्याने हटकलं तर बाहेर उभे राहून म्हणायचे, "मी बघायला आलोय, पाया पडायला नाही." आम्ही पोरी तोंडावर हात धरून हसायचो.

जव्हारच्या शाळेत ते आम्हाला इतिहास शिकवत. निवृत्त झाल्यावर बंगल्याच्या मालकांनी त्यांना मागची खोली राहायला दिली. संस्थानाच्या काळात कुणा कारभाऱ्याने बांधलेला तो बंगला आणि त्याची उतरती बाग. तिचा इतिहास लिहायचा, एवढंच काम. सर आनंदाने म्हातारे होऊ लागले. दगडी पाट कुठून कसा फिरवला, कलमं कुठली, पायऱ्यांचा दगड कुठल्या खाणीतला, सगळं शोधून काढलं. मी डी.एड.ला होते तेव्हा सुट्टीत मला बोलवायचे. पहार कशी धरायची, थर कसा ओळखायचा, ब्रश कुठे आणि बोटं कुठे वापरायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. माझ्या डब्यातली नागलीची भाकरी मागून खायचे. आमच्या पाड्यावरच्या पोरीला पहिल्यांदा "तुझं मत काय?" असं विचारणारा माणूस तो.

आणि दर वाक्यामागे एकच शब्द. "पुरावा?"

आमचा पाडा बागेच्या खाली, नाल्याच्या कडेला. आई सांगायची, "आमचं गाव वरती व्हतं, बाग हाय तठं. हीर पन आमचीच." उन्हाळ्यात पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन नाल्यात झरे उकरायच्या आणि वर बागेतल्या विहिरीवर पंप चालायचा, गुलाबांसाठी. फाटकाला कुलूप. एकदा आईने सरांनाच गाठलं. "मास्तर, तुमी मालकाला सांगा ना, हीर आमची हाय."

"ऐकीव गोष्ट आहे, मावशी. पुरावा असेल तर मी स्वतः सांगेन. शब्द देतो."

आई म्हणाली, "मंग लवकर खणा. हंडा काय तोवर डोक्यावरच ठेवू?" सर मनापासून हसले होते.

त्या मे महिन्यात त्यांनी गोल गुलाबवाफा उकरायला घेतला. बाग अशी, मग मधोमध कारंजं असणारच, अशी त्यांची खात्री. मालकांना तसं कळवूनही टाकलं होतं. हातभर खाली गेलो तर टणक जमीन लागली. दगड नाही, चुना नाही. चोपलेली माती, तिच्यावर सारवणाचे पापुद्रे. मध्ये मेढीच्या खुंटाचं भोक. कडेला नागलीचे जळालेले दाणे, मोहरीएवढे. त्याच्या पलीकडे चुलीचे तीन दगड.

सर खड्ड्यात उतरले होते. मग वाकले, चपला काढल्या, वर काठावर ठेवल्या आणि अनवाणी उभे राहिले.

खळ्यावर चपला घालून जात नाहीत. आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. सरांनाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, "सर, पुरावा."

"हं," म्हणाले. "उद्या मोजमापं घेऊ."

दुसऱ्या दिवशी गेले तर खड्डा बुजवलेला, वर गुलाब. सर पाणी घालत होते. पायांत चपला.

"हे काय केलंत?"

"पावसात खचला असता."

"मे महिन्यात?"

त्यांनी झारी खाली ठेवली. "मला मुलगा नाही, घर नाही. ही खोली गेली तर मी कुठे जाऊ, सांग. तुम्हाला निदान पाडा तरी आहे."

पुढच्या महिन्यात पाटी लागली : येथे पूर्वी कारंजे होते. आता तिच्याशेजारी पाहुणे फोटो काढतात. माझी आई गुडघे जाईपर्यंत नाल्यातून पाणी आणत राहिली. सर दर दिवाळीला माझ्या शाळेत यायचे, मुलांना पाट कसा बांधला ते सांगायचे, छान सांगायचे. मी चहा द्यायचे. आम्ही खळ्याचं नाव काढलं नाही. शिकवलं त्यांनीच, म्हणून राग धड धरताही येत नव्हता आणि सोडताही.

१३ नोव्हेंबर. सकाळी सातलाच मी बागेत गेले. माळी म्हणाला, "बाई, लवकर आल्या? आन पहार कशाला?"

"सरांचं काम अर्धं राहिलंय."

पाटीशेजारच्या गोल वाफ्यातले गुलाब मुळासकट काढून सावलीत ठेवले, त्यांचा काय दोष. सरांनी शिकवलं तसंच, एका बाजूने, थर राखत खाली गेले. साडेनऊपर्यंत खळं मोकळं झालं. ब्रश मारला, मधलं भोक साफ केलं. चपला काढून काठावर ठेवल्या आणि मध्ये उभी राहिले.

मॅनेजर धावत आला, मागे मालक, मागे हार घेतलेली माणसं. दोन शब्द बोलायचे होते, ते मी एकेकाला बोलले.

"चपला काढा."