कोटाविना फोटो

उल्हासनगरच्या एका फोटो स्टुडिओत किर्तीनं बरीच वर्षं मेलेल्या माणसांना कोट चढवले. माणूस वारला की घरचे त्याचं मतदार ओळखपत्र घेऊन यायचे. त्यावरचा चेहरा उचलायचा, कॉम्प्युटरवर गोरा करायचा आणि तयार कोट-टायवर बसवायचा. जन्मभर चिखलात भात लावलेली माणसं मेल्यावर तासाभरात साहेब व्हायची. शेठ म्हणायचे, "कस्टमर खूश, तो अपन खूश."

गावी, खरवईत, तिचे वडील हिरामण गेले, तेव्हा तिनं त्यांना सगळ्यात भारी कोट घातला आणि मोठ्या तोऱ्यात तसबीर घरी आणली. आई, पुतळीबाई, कितीतरी वेळ बघत राहिली.

"कोट झ्याक हाय. पन ह्याच्यात तुजा बापूस कुठं हाय?"

किर्तीच्या ते जिव्हारी लागलं. हिरामणचा दुसरा फोटो घरात नव्हताच. वडिलांचं ते आता हातचं गेलं होतं. पण आईचं असं होऊ द्यायचं नाही, हे तिनं पक्कं ठरवलं. नोकरी सोडली, जुना कॅमेरा विकत घेतला आणि माणसांचे फोटो त्यांच्या दारात जाऊन काढू लागली.

आई मात्र दाद देईना. म्हाताऱ्या माणसाचा फोटो म्हणजे हाराची तयारी, असा तिचा समज. "मना एवढ्यात धाडतेस का?" किर्तीही तिचीच लेक! तिनं पिच्छा सोडला नाही. अखेर आई तयार झाली आणि काय थाटात झाली! शेजारणीची जरीची साडी, तोंडभर पावडर, आणि भर उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर आधार कार्डासाठी बसावं तशी ताठ. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडल्या. "जरा हस की," म्हटल्यावर तिनं नुसते दात दाखवले. या फोटोतही आई नव्हतीच.

किर्ती हट्टाला पेटली. स्टुडिओत उजेड आपलं ऐकतो. अंगणात आपल्याला त्याच्या कलानं घ्यावं लागतं. दिवसभर ती उजेडाच्या मागे फिरली. सकाळी पडवीच्या सावलीत तो मऊ, सगळीकडून सारखा यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पडवीत आईच्या मागे येणारी धुण्याची दोरी सोडली, निळा ड्रम हलवला आणि आईच्या नजरेच्या उंचीला येईल अशी जमिनीवर मांडी ठोकली.

"आई, घरातलंच लुगडं नेस. कॅमेऱ्याकडे बघूच नको. तू आपले तांदूळ निवड."

पुतळीबाई सूप घेऊन बसली. आधी अवघडलेली होती, मग हात आपसूक चालू लागले. किर्तीनं विचारलं, "बाबा रागावले की काय करायचे गं?"

"तो? रागवायचा कुठं? गुपचूप शेतावं जायचा नि येताना करवंदं आनायचा." पुतळीबाईनं मान वर केली. ती हसत होती आणि डोळे भरून आले होते. किर्तीनं कॅमेरा हलू न देता बटण दाबलं.

फ्रेम घरी आली तशी पुतळीबाईनं काचेवरून बोट फिरवलं. "ही मीच," ती म्हणाली. "खिला आन."

"अगं, जित्या माणसाचा फोटो भिंतीवर लावत नाहीत म्हणतात."

"म्हनू दे. मेल्यावं मी बगाया येनार हाय का?"