काचेखालची इमारत

आम्हाला घर बदलावं लागलं तेव्हा आईला जवळजवळ दिसेनासं झालं होतं. काचबिंदूनं उजेड आणि अंधार, एवढंच काय ते शिल्लक ठेवलं होतं. तरी बडोद्याच्या जुन्या वस्तीत, घडियाळी पोळमधल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणि बाहेरच्या गल्लीत ती कुणाचाही हात न धरता फिरायची. देवळात जायची, दळण टाकून यायची, वाटेत कुणाशी तरी भांडूनही यायची. मालकाच्या मुलांनी ती जागा विकायला काढली, आणि घरात एकच काळजी सुरू झाली. नव्या जागी आई एकटी उंबऱ्याबाहेर पडू शकेल का?

"घर कसलंही चालेल," ती म्हणायची. "मला कुणी धरून न्यायला नको."

घर शोधायचं काम आपोआप काकांकडे गेलं. काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. काका मात्र जागांची दलाली करायचे. एका घड्याळजीच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल, एक मोपेड आणि बडोद्यातल्या निम्म्या लोकांशी ओळख, एवढाच त्यांचा धंदा. बाहेर पाटीसुद्धा नव्हती. त्यांची एक पद्धत होती. फ्लॅट दाखवण्याआधी ते आम्हाला शेजारच्यांकडे चहाला नेऊन बसवायचे. शेजार पटला तरच कुलूप उघडायचं. मला ही पद्धत फार आवडायची, कारण चहाबरोबर बहुतेक ठिकाणी खमण मिळायचं.

मग ते आईचा दंड धरायचे. "वहिनी, सांभाळून, पायरी. आता डावीकडे. हे स्वयंपाकघर, एकदम सरस, हवाउजेड भरपूर. फावेल ने, जमेल ना?" आई मुकाट्यानं त्यांच्याबरोबर फिरायची आणि घरी आल्यावर चपला भिरकावून म्हणायची, "आज पुन्हा भाऊजींचा आवाज पाहून आले."

त्या वर्षांत बडोदं नुसतं वर वर चढत होतं. काल जिथं गायी बसलेल्या दिसायच्या तिथं आज सळया उभ्या असायच्या. सयाजीगंजमध्ये अख्ख्या इमारती विकणाऱ्या कंपन्यांची गार ऑफिसं निघाली होती. मला त्या ऑफिसांची चीड होती. तिथले लोक आपल्याला सर म्हणतात, मॅडम म्हणतात आणि दार बंद झालं की विसरतात, असं माझं ठाम मत होतं. प्रत्यक्षात मी एकाही ऑफिसात पाऊल टाकलेलं नव्हतं. शेजारणीनं आईला अशा एका ऑफिसाबद्दल सांगितलं आणि आई हटूनच बसली. मी तोंड वाकडं करून रिक्षा बोलावली.

काचेचं दार, बशीवर ठेवलेला पाण्याचा ग्लास, अंगावर येणारी थंडी. मी नाकं मुरडायची तयारी करूनच आले होते. पण मधोमध एका टेबलावर काचेखाली ती इमारत होती, आणि माझं नाकं मुरडायचं राहूनच गेलं. फाटक, आवार, झाडं, सज्जे, जिना, खिडक्यांतून लागलेले दिवे. हाताच्या उंचीची अख्खी इमारत! असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"काय आहे गं?" आईनं विचारलं. मी सांगायला लागले, तोवर तिचे हात पुढे जाऊन काचेवर आपटले.

"काचने नहीं अडवानुं, बा," काचेला हात लावू नका, असं सांगत टाय लावलेला एक तरुण लगबगीनं आला. त्यानं आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्यानं शिपायाला हाक मारली, दोघांनी मिळून ती भली मोठी काच उचलली आणि भिंतीशी टेकवून ठेवली.

"हवे अडो ने, बा. निरांते." आता लावा हात, अगदी सावकाश.

आईनं पदराला हात पुसले. मग तिची बोटं फाटकातून आत शिरली. शाळेत तिनं जन्मभर मुलींना शिवण शिकवलं होतं, कापडावरचा टाका ती न बघता ओळखायची. पण त्या दिवशी ती बोटं जे करत होती ते काही वेगळंच होतं. ती आवारातून फिरली, खांबांना वळसा घालून जिन्याशी पोचली, परत फाटकाशी गेली, पुन्हा आली. एक झाड तिच्या हातून मोडलं. त्या तरुणानं ते हळूच खिशात टाकलं. छप्पर नसलेलं एका फ्लॅटचं मॉडेलही त्यानं आणून दिलं. त्यात आई दोन बोटांनी खोल्याखोल्यांतून चालत राहिली. बाकीचं ऑफिस काम थांबवून बघत होतं.

"खरी इमारत अशीच होणार?" आईनं विचारलं.

"एवी ज, बा."

'हे काय, वाट्टेल ते सांगतील,' असं माझ्या मनात आलंच. आईनं मात्र फ्लॅट पक्का करून टाकला. इमारत बांधून होईपर्यंत ती मला घेऊन कितीदा तरी त्या ऑफिसात गेली, आणि तो तरुण दर वेळी काच उचलत राहिला.

काकांना आईनंच सांगितलं. "भाऊजी, तुम्ही मला घरं दाखवलीत. तिथं मला बघू दिलं." काका चहा अर्धा ठेवून उठले, आणि पुढे किती तरी दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. बाबांनी आईशी अबोला धरला. मला काकांचं वाईट वाटत होतं, आणि आईचं बरोबर होतं हेही कळत होतं.

नव्या घरात सामान नेण्याआधी पाण्यानं भरलेला घडा नेऊन ठेवायची गुजरात्यांची रीत आमच्यासारख्या मराठी घरांतही रुजली आहे. कुंभ ठेवणं म्हणतात. त्या सकाळी इस्त्रीचा सदरा घालून काकाही आले. फाटकाशी आईनं दोन्ही हातांत घडा घेतला. आता भिंत चाचपायलासुद्धा हात मोकळा नव्हता. सवयीनं काका तिचा दंड धरायला पुढे झाले.

"भाऊजी, सरका."

आणि ती चालू लागली. झाडांपाशी सरळ, खांबाला वळसा, सगळं तसंच. फक्त जिन्याच्या तोंडाशी कुणी तरी रेतीचा ढीग टाकून ठेवला होता. आईचा पाय त्यात रुतला, पाणी हिंदकळलं. ती थांबली, पायानं ढिगाची कड शोधली. "हा त्यांनी दाखवला नव्हता," असं म्हणून कडेनं गेली आणि जिना चढली. पहिल्या मजल्यावर आमच्याच दारात उभी राहिली. घडा ठेवल्यावर बाबांनी तिच्याशी पहिला शब्द काढला. "ये, बस आता."

"बसते कशाला? जरा बाहेर जाऊन येते. कुणी मागं येऊ नका."

आम्ही सज्ज्यात धावलो. ती खाली उतरली, आवार ओलांडून फाटकाशी आली आणि थबकली. मॉडेल तिथंच संपत होतं. फाटकाबाहेरचा रस्ता कुणीच तिला दाखवलेला नव्हता. रिक्षा, स्कूटर, उंटगाडी, सगळं त्यावरून वाहत होतं. मी घाबरले होते, आणि त्याच वेळी हिच्या पोटी आपण जन्मलो याचं मला आश्चर्य वाटत होतं. काका जिन्याकडे निघाले. बाबांनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. खाली आईनं फाटकाची कडी चाचपून उघडली, थोडा वेळ रहदारी ऐकली आणि उजवीकडे वळून चालायला लागली.